चार इंजिनांचं जम्बो जेट गेलं आणि दोन इंजिनांवर अमेरिका आली, हे नेमकं कसं घडलं?

तारीख २२ एप्रिल २०२४. मुंबई विमानतळावरून एअर इंडियाचं एक विमान उडालं. आत एकही प्रवासी नाही. धावपट्टी सोडल्यावर थोड्याच वेळात वैमानिकाने विमान एकदा एका बाजूला कलवलं, मग दुसऱ्या बाजूला. विमानांच्या भाषेत याला 'विंग वेव्ह' म्हणतात. म्हणजे हात हलवून निरोप घेतात ना, तसं पंख हलवून घेतलेला निरोप.

त्या विमानाचं नाव होतं 'आग्रा'. बोइंग ७४७-४००. मार्च २०२१ नंतर एअर इंडियाच्या जम्बोंनी प्रवासी नेलेच नव्हते. शेवटची चार जम्बो अमेरिकेतल्या एअरसेल या कंपनीला विकली गेली. जुनी विमानं घ्यायची, त्यांचे सुटे भाग विकायचे हा या कंपनीचा एक मोठा धंदा. तो व्हिडिओ दिवसभर फिरला, तुमच्याही मोबाईलवर आला असेल. खाली कमेंटमध्ये लोक हळहळत होते आणि त्यातच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता.

चार इंजिनांचं इतकं भारी विमान काढून टाकलं, मग आता समुद्रावरून दोनच इंजिनांवर जायचं? ते सुरक्षित आहे का?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात विमानसेवेचा ७० वर्षांचा इतिहास येतो.

आधी थोडं 'महाला'बद्दल.

१८ एप्रिल १९७१ ला एअर इंडियाचं पहिलं ७४७ मुंबईत उतरलं. नाव 'एम्परर अशोक'. आधीच्या ७०७ विमानांना हिमालयाच्या शिखरांची नावं होती, जम्बोला सम्राटांची दिली. अशोक, शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, कनिष्क. नंतर आलेल्या एका ७४७-३०० ला तर 'शिवाजी' हे नाव होतं. जाहिरातीत एअर इंडिया या विमानाला आकाशातला महाल म्हणायची आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगाची झरोक्यासारखी कमान रंगवलेली. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी महाराजा लाउंज. गोल जिना चढून वर जायचं आणि अटलांटिकवर गप्पा मारत बसायचं. त्या काळात अमेरिकन एअरलाइन्सने तर आपल्या ७४७ मध्ये मागच्या बाजूला पियानो ठेवला होता. आज आपण पाय ठेवायला दोन इंच जास्त मिळावेत म्हणून जास्तीचे पैसे भरतो, असो.

माझा मामा जरीमरीला राहायचा. कुर्ला-अंधेरी रस्त्यावरची ही वस्ती मुख्य धावपट्टीच्या अगदी तोंडाशी आहे, विमानं डोक्यावरून इतक्या खालून जातात की चाकं मोजता येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोरांचा खेळ एकच, इंजिनं मोजायची. दोन दिसली की काही नाही. चार दिसली की जो आधी ओरडेल तो जिंकला. आजी खाली पापड वाळत घालता घालता म्हणायची, "त्यात बसावं बाबा, दोन बंद पडली तरी दोन राहतात."

आजीचं हे गणित जवळपास सगळ्यांच्याच डोक्यात असतं. आणि एकेकाळी ते बरोबरही होतं.

चार इंजिनं मुळात लागायचीच कशाला?

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. आपली पहिली आंतरराष्ट्रीय सेवा. ते विमान होतं लॉकहीड कॉन्स्टेलेशन. चार इंजिनं, प्रत्येकात १८ सिलिंडर. म्हणजे एका विमानात ७२ सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन याप्रमाणे १४४ स्पार्क प्लग. आता विचार करा, तुमच्या बाईकला एकच प्लग असतो आणि पावसाळ्यात तोही दगा देतो.

ही पिस्टन इंजिनं बिघडायची आणि बऱ्यापैकी बिघडायची. कॉन्स्टेलेशनला वैमानिक चेष्टेने जगातलं सर्वांत चांगलं तीन इंजिनांचं विमान म्हणायचे, कारण चौथं पोहोचेपर्यंत चालू राहीलच याची खात्री नाही. अशा काळात चार इंजिनं ही चैन नव्हती, गरज होती.

म्हणून १९५३ साली अमेरिकेत एक नियम आला. दोन इंजिनांचं विमान कुठेही असलं तरी एका इंजिनावर उडत ६० मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे. मधला अटलांटिक, पॅसिफिक, मोठी वाळवंटं, सगळं दोन इंजिनवाल्यांना बंद. १९६४ मध्ये तीन इंजिनांच्या जेट विमानांना या नियमातून सूट मिळाली. पुढे डीसी-१० आणि ट्रायस्टार ही शेपटीत तिसरं इंजिन असलेली विमानं आली त्यामागे हेही एक कारण होतं. चारचा खर्च नको आणि दोनला परवानगी नाही, मग तीन.

जम्बो याच काळात जन्मलं. एप्रिल १९६६ मध्ये पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीने २५ विमानांची ऑर्डर दिली, किंमत ५२.५ कोटी डॉलर. बोइंगच्या जो सटर यांच्या टीमने ते घडवलं, ९ फेब्रुवारी १९६९ ला ते पहिल्यांदा उडालं आणि २२ जानेवारी १९७० ला प्रवासी घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला गेलं.

इथे आणखी एक नेहमीचा प्रश्न येतो. त्याच्या डोक्यावर तो उंचवटा का? अनेकांना वाटतं लाउंजसाठी. तसं नाही. तेव्हा सगळ्यांची खात्री होती की काही वर्षांत लोक आवाजापेक्षा वेगवान विमानांनी प्रवास करणार आणि जम्बो मालवाहतुकीला लागणार. मोठा माल थेट पुढून आत घालायचा तर नाक उघडता आलं पाहिजे आणि नाक उघडायचं तर कॉकपिट तिथे नको. म्हणून कॉकपिट उचलून वर नेलं. हवा नीट कापली जावी म्हणून त्याच्या मागे उतार दिला आणि त्या उतारात जी जागा उरली तिथे लाउंज आलं. बोइंगचा स्वतःचा सुपरसॉनिक विमानाचा प्रकल्प मात्र १९७१ मध्येच गुंडाळला गेला.

त्या वेळी इतकं वजन उचलायला चार इंजिनं लागायचीच, कारण तेवढी ताकद दोन इंजिनांत नव्हती. सुरुवातीच्या ७४७ च्या एका इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलण्याची ताकद, साधारण ४३,५०० पौंड. चारांची मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास. आता एअर इंडियाच्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाचं एक इंजिन घ्या. थ्रस्ट १,१५,००० पौंड. दोघांचे मिळून २,३०,०००. दोन इंजिनांनी चारांना मागे टाकलं. त्या इंजिनाचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा आहे, मुंबईतल्या बऱ्याच बेडरूम त्यात मावतील.

मग ६० मिनिटांचा नियम कुणी मोडला?

मोडला नाही, हळूहळू ताणला. जेट इंजिनात वर-खाली आपटणारे पिस्टन नसतात. सगळं एका दिशेने गोल फिरतं. त्यामुळे ते पिस्टन इंजिनापेक्षा कितीतरी कमी बिघडतं. वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहिल्यावर हे आकड्यांत दिसायला लागलं. १ फेब्रुवारी १९८५ ला टीडब्ल्यूए कंपनीचं बोइंग ७६७ दोन इंजिनांवर बोस्टनहून पॅरिसला गेलं, ६० ऐवजी १२० मिनिटांच्या परवानगीवर. १९८८ मध्ये मर्यादा १८० मिनिटांवर गेली.

या नियमांना 'इटॉप्स' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून वैमानिकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता, 'इंजिन्स टर्न ऑर पॅसेंजर्स स्विम'. इंजिनं फिरली तर ठीक, नाहीतर प्रवाशांनी पोहावं. भीती त्यांनाही होतीच.

पण ही परवानगी फुकट मिळत नाही. १८० मिनिटांसाठी अट अशी की उड्डाणात इंजिन बंद पडण्याचं प्रमाण ५०,००० इंजिन-तासांत एकाच्या आत हवं. एक इंजिन दिवसरात्र न थांबता चाललं तर ५०,००० तास व्हायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतात. शिवाय मार्ग असा आखायचा की वाटेत प्रत्येक क्षणी ठरलेल्या मिनिटांच्या आत एक चालू विमानतळ आहे. तिथलं हवामान बघायचं, तेवढं जास्तीचं इंधन ठेवायचं, आग विझवण्याची यंत्रणा तेवढा वेळ पुरली पाहिजे. देखभालीचाही एक नियम आहे, मला तो सगळ्यात हुशार वाटतो. एकाच खेपेला दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच माणसाच्या हातून शक्यतो होऊ द्यायचं नाही.

का? ५ मे १९८३ ला ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार मायामीहून नासाऊला निघालं. देखभालीत तेल रोखणाऱ्या रबरी रिंग बसवायच्या राहिल्या होत्या. एका इंजिनाला नाही, तिन्हींना. आधी एक बंद करावं लागलं, मग उरलेली दोन्ही बंद पडली. समुद्रावर तिन्ही इंजिनं गप्प. पहिलं बंद केलेलं इंजिन कसंबसं परत सुरू झालं आणि १७२ जण सुखरूप मायामीला उतरले.

आजीच्या गणितात नेमकं हेच सुटतं. 'दोन बंद पडली तरी दोन राहतात' हे तेव्हाच खरं, जेव्हा प्रत्येक इंजिन आपापल्या कारणाने बिघडतं. कारण एकच असेल तर कितीही इंजिनं असोत, सगळी एकत्र जातात. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं ७४७ जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. चारही. विमान ३७,००० फुटांवरून तरंगत खाली आलं, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा पेटली आणि ते जकार्ताला उतरलं.

आणि बिघाड वेगवेगळ्या कारणांनी होतो असं धरलं तरी चारचाकीत पंक्चरची शक्यता दुचाकीपेक्षा जास्तच असते ना? चार इंजिनं म्हणजे कुठलं तरी एक बिघडण्याची शक्यता दुप्पट.

आता टेकऑफचं बघू. कुठलंही प्रवासी विमान धावपट्टीवर एका ठरावीक वेगापर्यंत पोहोचलं की पुढे थांबता येत नाही, त्या वेगाला 'व्ही-वन' म्हणतात. त्यानंतर एक इंजिन गेलं तरी विमान उडालंच पाहिजे, असा नियम आहे. चारमधलं एक गेलं तर तीन उरतात, पाऊण ताकद. दोनमधलं एक गेलं तर निम्मीच. म्हणून दोन इंजिनांच्या विमानात प्रत्येक इंजिन एकट्याने विमान वर नेऊ शकेल एवढं दणकट ठेवावं लागतं. रोजच्या उड्डाणात दोन्ही चालू असतात, त्यामुळे ही विमानं तिरकी वर झेपावतात आणि भरलेलं जम्बो बिचारं दमलेल्या एसटीने घाट चढावा तसं हळूहळू जायचं. जरीमरीच्या गच्चीवर आम्ही ज्याला कमजोर समजायचो त्याच्याकडे खरं तर जास्तीची ताकद होती.

बाकी राहिला पैसा, आणि तो विषय फार लांबवण्यासारखा नाही. ७४७-४०० ताशी साधारण १० टन इंधन खातं, ७७७-३००ईआर साधारण साडेसात. देखभाल चार इंजिनांऐवजी दोनांची. एवढं मोठं विमान रोज भरायचंही असतं. एअरबसचं दुमजली ए३८० यातच अडकलं. २००७ मध्ये सेवेत आलं आणि २०२१ मध्ये २५१ व्या विमानावर उत्पादन थांबलं. १ ऑगस्ट २००७ ला एअर इंडियाने मुंबई ते न्यूयॉर्क न थांबता सेवा सुरू केली तीही जम्बोवर नाही, दोन इंजिनांच्या ७७७-२००एलआर वर. जम्बोच्या काळात ज्या प्रवासात लंडनला थांबा असायचा, तो एका दमात झाला.

हे सगळं कागदावर ठीक, प्रत्यक्षात इंजिनाने त्रास दिला तर काय होतं?

६ जून २०२३ ला एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान, तेही ७७७-२००एलआर, रशियाच्या अतिपूर्वेकडच्या भागावरून जात होतं. एका इंजिनात तांत्रिक अडचण आली. वैमानिकांनी विमान मगादान या गावी उतरवलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी, कुणालाही इजा नाही. गैरसोय मात्र भरपूर झाली. गावात एवढ्या लोकांची सोय नव्हती, काहींना शाळेच्या इमारतीत गाद्या टाकून झोपावं लागलं, बदली विमान ८ जूनला त्यांना घेऊन निघालं. बातम्यांमध्ये 'रशियात अडकले भारतीय' एवढंच आलं. पण मगादान त्या दिवशी हाताशी होतं, कारण दोन इंजिनांच्या विमानाचा मार्ग असा विमानतळ धरूनच आखतात.

आता अवघड भाग. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवर १९. मृतांमध्ये मुंबई आणि आसपासचे कर्मचारीही होते. त्यानंतर 'चार इंजिनं असती तर' हे वाक्य प्रत्येक ग्रुपवर फिरलं. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात आलं ते असं : उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. ते का गेले, हे त्या अहवालाने सांगितलेलं नाही, म्हणून इथे आपणही अंदाज बांधायला नको. एवढं मात्र त्यातून दिसतं की दोन इंजिनं योगायोगाने एकाच वेळी बिघडण्याचा हा प्रकार नव्हता. त्यामुळे इंजिनं किती होती, या प्रश्नाने या अपघाताचं उत्तर मिळत नाही.

आणि आपल्या पहिल्या जम्बोचं काय झालं, हे तिशीच्या आतल्या फार कमी जणांना माहीत असतं.

१ जानेवारी १९७८ ची संध्याकाळ. 'एम्परर अशोक' दुबईसाठी सांताक्रूझहून उडालं, फ्लाइट नंबर ८५५. मायामीच्या त्या ट्रायस्टारचा नंबरही ८५५ च होता, निव्वळ योगायोग. विमान समुद्रावर आलं. बाहेर काळोख, क्षितिज दिसत नाही. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं. कॅप्टनने ते सरळ करायला विमान डावीकडे वळवलं, प्रत्यक्षात ते आधी सरळच होतं. ते कलत गेलं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. उड्डाणापासून दोन मिनिटंही झाली नव्हती. २१३ जण होते, कुणीही वाचलं नाही. इंजिनं चारही चालू होती.

'कनिष्क'चंही तेच. २३ जून १९८५, आयर्लंडजवळ अटलांटिकवर, सामानात ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट, ३२९ मृत्यू. तिथेही इंजिनांचा संबंध नव्हता.

हे अपघात बघितले की कळतं, आपण खिडकीतून इंजिनं मोजतो, पण धोका बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. कॉकपिटमधल्या एका डायलमध्ये, बेल्टवरून आत गेलेल्या बॅगेत, रात्रपाळीला बसवायच्या राहिलेल्या एका रिंगमध्ये. म्हणूनच तिकीट काढताना इंजिनं किती हे विचारण्यापेक्षा त्या कंपनीची देखभाल कशी आहे, हे विचारणं जास्त कामाचं. विमान वाहतूक महासंचालनालयाने कुठल्या कंपनीला कशासाठी दंड केला याच्या बातम्या येत असतात. त्या आपण शेअर करत नाही, पंख हलवतानाचा व्हिडिओ करतो. मीही तो तीनदा पाहिला, खोटं कशाला बोलू.

जम्बो मात्र पूर्ण संपलेलं नाही. शेवटचं, म्हणजे १,५७४ वं ७४७ बोइंगने ३१ जानेवारी २०२३ ला अ‍ॅटलास एअर या कंपनीला दिलं, मालवाहतुकीसाठी. प्रवासी जम्बो लुफ्तान्सासारख्या मोजक्या कंपन्या अजून उडवतात. भारताच्या पंतप्रधानांचं विमानही पूर्वी ७४७ च असायचं. २०२० पासून त्या कामाला ७७७-३००ईआर आहेत, इंजिनं दोन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मात्र अजून चार इंजिनांच्या ७४७ मधूनच फिरतात.